मनीषा ताजनपुरेंनी पाहिलेलं ग्रहण

नाशिक रोड स्टेशनाबाहेर, रिक्षा स्टँडच्या मागच्या गल्लीत मनीषाताईंचं फोटोचं दुकान आहे. दुकान कसलं, आठ बाय दहाचा गाळा. पुढे झेरॉक्सचं मशीन, मागे निळा पडदा आणि एक गोल स्टूल. भरतीचे फॉर्म निघाले की पोरांची रांग रस्त्यापर्यंत येते. मी त्यांच्याच सोसायटीत, शेजारच्या जिन्यात राहते. पंधरा वर्षांची ओळख. पुढे जे सांगणार आहे ते मला एका बैठकीत कळलेलं नाही. काही त्यांच्याकडून ऐकलं, काही त्यांच्या मुलीकडून, आणि थोडं त्यांच्या यजमानांनी, यादवरावांनी, स्वतः सांगितलं, ते कसं हे पुढे येईलच.

मनीषाताई माहेरच्या पाळदे. वडील कचरूनाना देवळाली कॅम्पात फोटो स्टुडिओ चालवायचे. गिऱ्हाईक बहुतेक लष्करातलं. तोफखान्याच्या ट्रेनिंगला आलेली पोरं गावी पाठवायला फोटो काढून घ्यायची: अंगात गणवेश, मागे तळं आणि हाऊसबोट रंगवलेला पडदा. मनीषा तेरा-चौदा वर्षांची असल्यापासून डार्करूममध्ये नानांच्या हाताखाली होती. ट्रेमधल्या कागदावर चेहरा उमटायला लागला की तो नेमका कधी उचलायचा, हे तिला घड्याळ न बघता कळायचं. नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "माझ्यापेक्षा हिचा हात बरा आहे."

त्र्याण्णव साली तिचं लग्न झालं. यादवराव नोटांच्या प्रेसमध्ये कामाला, घर जेल रोडला. सासू गोजराबाई मूळच्या सिन्नरकडच्या. मनीषा त्यांना आत्या म्हणायची. गोजराबाई वाईट बाई नव्हत्या, हे मनीषाताई आजही सांगतात. टायफॉइडमध्ये त्यांनी सुनेचे पाय चेपले होते, रात्र-रात्र उशाशी बसल्या होत्या. पण एकदा एखादी गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली की ब्रह्मदेव आला तरी निघायची नाही.

पंचाण्णवच्या दिवाळीत सूर्यग्रहण आलं. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. उत्तरेत खग्रास दिसणार होतं, आपल्याकडे खंडग्रास. मनीषाला पाचवा महिना. नानांनी महिनाभर आधीपासून तयारी चालवली होती. वेल्डिंगची काळी काच लेन्सवर बसवण्यासाठी पुठ्ठ्याची नळी केली होती. भाऊबीजेला लेकीला न्यायचं निमित्त सांगून ते आधीच येऊन म्हणाले, "मने, दोघं मिळून काढू. तू वेळ सांग, मी बटण दाबतो."

गोजराबाई आतून म्हणाल्या, "पावणं, तुमची पोरगी आता आमची हाय. तिच्या पोटात आमचं लेकरू हाय. ती ग्रहणात उंबऱ्याच्या भायेर पडायची नाय."

नाना परत गेले.

त्या सकाळी मनीषाला मागच्या खोलीत बसवलं. यादवरावांनी खिडकीच्या काचेला आतून वर्तमानपत्रं चिकटवली. दारावर घोंगडी टांगली. बाहेरून कडी लागली. पलंगावर सरळ झोपून राहायचं, कूस बदलायची नाही, नखाने खाजवायचं नाही, पाणीसुद्धा नाही. साडेसातच्या सुमाराला ग्रहण लागलं, दहाच्या आत सुटलं. तेवढा वेळ ती छताकडे बघत पडून होती. चिडली होती, रडली होती, पण हललीसुद्धा नव्हती. "मला पटत होतं म्हणून नाही," त्या म्हणतात. "पोटातल्या लेकरावर कोण पैज लावणार? मी इमानदारीने पाळलं."

फेब्रुवारीत मुलगी झाली. वरचा ओठ डाव्या बाजूला नाकापर्यंत दुभंगलेला.

गोजराबाईंनी दुपट्यातलं बाळ पाहिलं, पुन्हा झाकलं, आणि बाळंतिणीला पहिलाच प्रश्न केला. "पाह्यलंस ना?"

"नाही आत्या. शप्पथ नाही पाहिलं."

"खिडकीतून पाह्यलं आसशील."

"खिडकीला कागद होता."

"कागदाला भोक पाडायला काय लागतंय."

यादवराव तिथेच, कॉटच्या पायथ्याशी उभे होते. ते काही बोलले नाहीत.

महिन्याभराने आणखी एक गोष्ट घडली. नानांनी त्या सकाळी एकट्याने फोटो काढला होता. काळ्या कागदावर सूर्याची पांढरी कोर. लेकीला बरं वाटावं म्हणून त्यांनी तिला एक प्रिंट आणून दिली, ती तिने साडीच्या घडीत ठेवली. गोजराबाईंना ती सापडली. मग काय, पुरावाच मिळाला. शेजारच्या बायकांना बोलावून दाखवला. "ही पाहा. म्हंती मी पाह्यलं नाय." मनीषाने सांगून पाहिलं की हा नानांनी काढलाय, कॅम्पात, मागे शिक्का आहे. शिक्का कोण बघतं? प्रिंट बंबात गेली.

स्नेहलचं पहिलं ऑपरेशन चौथ्या महिन्यात झालं, टाळूचं पुढच्या वर्षी. पहिल्या वेळी डॉक्टरांनी मनीषाला समोर बसवून कागदावर चित्र काढून सांगितलं. पोटात बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो, नाहीतर राहतो. "ग्रहण होतं तेव्हा तुम्हाला पाचवा होता ना? म्हणजे जे व्हायचं ते तीन महिने आधीच होऊन गेलं होतं. तुम्ही छतावर जाऊन नाचला असता तरी काही बदललं नसतं." मनीषा तो कागद घेऊन घरी आली. गोजराबाईंनी तो हातात धरला, उलटा की सुलटा हेही न बघता परत दिला.

पुढे अठ्ठावीस वर्षं हेच. लग्नकार्यात, हळदीकुंकवात, बारशात, कोणीतरी नवी बाई स्नेहलच्या ओठावरची रेघ बघायची आणि कोणीतरी जुनी बाई तिच्या कानाला लागायची. मनीषाताई म्हणतात, "मला ते शब्द ऐकू यायची गरज नव्हती. मान वळायची पद्धत ठरलेली होती."

पण ही बाई खचून कोपऱ्यात बसणाऱ्यातली नव्हती. स्नेहल सहा वर्षांची झाल्यावर तिने स्टेशनपाशी तो गाळा भाड्याने घेतला. नानांचा जुना कॅमेरा आणला. आणि शोकेसमध्ये पहिले दोन फोटो लावले ते स्नेहलचे: एक ऑपरेशनआधीचा, चार महिन्यांची, ओठ फाटलेला, पण अशी खळखळून हसणारी की बघणाऱ्यालाही हसू यावं. दुसरा शाळेच्या पहिल्या दिवसाचा.

गोजराबाई रिक्षा करून दुकानापर्यंत आल्या. "झाकायची गोष्ट रस्त्यावर मांडलीस?"

"झाकायला तिने काय चोरी केलीय, आत्या?"

फोटो राहिला. ऊन लागून पिवळा पडला की नवी प्रिंट लागायची.

स्नेहल हुशार निघाली. नाशिकमध्येच इंजिनिअर झाली, शिकायला अमेरिकेत गेली, तिथेच नोकरी लागली. समर्थ तिच्याच कंपनीतला, संगमनेरचा मुलगा. त्याच्याशी लग्न झालं. दोघं इंडियाना राज्यात, इंडियानापोलिस शहराच्या पश्चिमेला एका लहान गावात राहायला लागले. आणि दोन हजार चोवीसच्या मार्चमध्ये, लेकीच्या बाळंतपणासाठी मनीषाताई दुकानाला सहा महिन्यांचं कुलूप लावून तिकडे गेल्या. सोबत डिंकाचे लाडू, अळीव, मेतकूट आणि गळ्यात दुकानातला कॅमेरा. यादवराव आईला सांभाळायला नाशिकलाच राहिले.

पहिल्या दिवशी स्नेहलने त्यांना जेवू घातलं, झोपू दिलं. दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर एक कागद समोर ठेवला. सोनोग्राफीचा. काळ्या-करड्या ठिपक्यांतून बाळाच्या चेहऱ्याची बाजू दिसत होती.

"आई, ओठ बघ."

फोटोतला चेहरा वाचायला मनीषाताईंना कोणी शिकवायला नको होतं.

"कधी कळलं?"

"जानेवारीत. डॉक्टर म्हणाल्या, आईला असेल तर बाळाला व्हायची शक्यता थोडी जास्त असते. बाकी सगळं छान आहे. मुलगी आहे. इथे तीन महिन्यांनी ऑपरेशन करतात."

"आजीला सांगितलंस?"

"कोणालाच नाही. फोनवर सांगायचं नव्हतं. तुझी वाट बघत होते."

मनीषाताई उठल्या, बेसिनपाशी गेल्या, विसळलेले कप पुन्हा विसळले. मग येऊन लेकीच्या डोक्यावर हात ठेवून नुसत्याच उभ्या राहिल्या.

एप्रिलच्या आठ तारखेला तिथे खग्रास सूर्यग्रहण होतं. तेही नेमकं त्या गावावरून, भर दुपारी, जवळजवळ चार मिनिटं. दुकानांत ग्रहणाचे चष्मे लागले होते, शाळांना सुट्टी. समर्थला पक्ष्यांचे फोटो काढायचा नाद. त्याच्याकडे लांब लेन्स होती, त्याने सूर्यासाठीचं फिल्टरही मागवलं होतं. तो म्हणाला, "आई, मी बटण दाबायचा माणूस. फोटो तुम्हीच काढा."

मनीषाताईंनी लेन्स हातात घेऊन पाहिली आणि परत ठेवली.

आदल्या दिवशी नाशिकहून व्हिडिओ कॉल आला. शहाऐंशी वर्षांच्या गोजराबाईंचा चेहरा पडद्यात मावत नव्हता. "तिथं दिसणार हाय म्हंत्यात. टीव्हीवर सांगितलं. पोरीला आत ठेव. तुझ्या वेळंला झालं ते झालं. आता तरी शानी हो."

"हो आत्या," मनीषाताई म्हणाल्या.

आणि खरंच, सोमवारी सकाळी त्यांनी बेडरूमच्या खिडक्यांवर चादरी लावायला घेतल्या. टाचण्या मिळेनात म्हणून टेप लावत होत्या. स्नेहल दारात येऊन उभी राहिली. हात कमरेवर, सातवा महिना सरत आलेला.

"आई, हे काय चाललंय?"

"तीन तासांचा प्रश्न आहे. पडून राहा. पुस्तक वाच."

"तुझा विश्वास आहे यावर?"

"अजिबात नाही."

"मग?"

मनीषाताई स्टुलावरून उतरल्या नाहीत. पाठ करूनच बोलल्या. "बाळ झाल्यावर सगळे बघणार. बघितल्यावर विचारणार, ग्रहणात कुठे होतीस? तेव्हा तुला सांगता आलं पाहिजे की मी आत होते. माझ्या आईने खिडक्या झाकल्या होत्या. मला कोणाला तोंड दाखवायला जागा नव्हती गं. तुला तरी राहू दे."

"तू आतच होतीस ना आई? खिडक्या झाकलेल्याच होत्या ना?"

मनीषाताई टेपचा आणखी एक तुकडा तोडू लागल्या.

"बोल ना. काय उपयोग झाला?" स्नेहलचा आवाज चढला. "तू पाळलंस, तरी त्यांनी तुलाच धरलं. मी पाळीन, तरी मलाच धरतील. म्हणतील पडद्याच्या फटीतून पाहिलं. तुझं ते सगळं भोगून झालंय. अठ्ठावीस वर्षं तू पाहिल्याची शिक्षा भोगलीस, आणि पाहिलेलं मात्र काहीच नाहीस!"

मनीषाताई मला सांगत होत्या, "त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, असं काही झालं नाही हो. मला राग आला. इतका राग की हातातला टेप मी भिंतीवर मारला. आत्यांवर, ह्यांच्यावर, स्वतःवर. मी माझ्याच लेकीला कोंडायला निघाले होते, तेही माझ्या हाताने."

चादर त्यांनी एका झटक्यात ओढली. टेपबरोबर भिंतीचा रंगही निघाला.

"समर्थराव," त्यांनी हाक मारली, "स्टँड बाहेर काढा. आणि मला कागद-पेन द्या."

दोन तास त्यांनी अभ्यास केला. लेन्सवर फिल्टर लावून सूर्याचे पाच-सहा फोटो काढून पाहिले. नानांची पद्धत अशी की प्रत्येक फोटो तीनदा काढायचा: एक अंदाजाने, एक त्याहून कमी उजेडाचा, एक जास्त. कागदावर त्यांनी ओळी पाडून आकडे लिहिले आणि तो कागद स्टँडच्या पायाला चिकटवला. काळोख झाल्यावर डोकं चालणार नाही हे त्यांना माहीत होतं.

दुपारी पावणेदोनला ग्रहण लागलं. घरामागच्या मोकळ्या हिरवळीवर शेजारची माणसं खुर्च्या टाकून बसली होती. आकाशात पातळ ढगांच्या रेघा होत्या, पण सूर्य स्वच्छ. मनीषाताईंनी स्नेहलला चष्मा घालून दिला आणि दटावलं, "मी सांगेपर्यंत काढायचा नाही." मध्येच त्यांना काय आठवलं, आत जाऊन पुऱ्यांचा झारा घेऊन आल्या आणि उन्हात धरला. पांढऱ्या टेबलावर झाऱ्याच्या प्रत्येक भोकातून एकेक चंद्रकोर पडली. शेजारची एक म्हातारी बाई धावत बघायला आली, मग तिने तिच्या नवऱ्याला बोलावलं. झारा सगळ्या हिरवळीवर फिरून आला.

अडीचनंतर ऊन विचित्र झालं. डोक्यावर सूर्य, पण अंगाला ऊब नाही. सावल्यांच्या कडा धारदार झाल्या, माणसांचे चेहरे जस्ताच्या पत्र्यासारखे दिसायला लागले. गार वारा सुटला. समोरच्या रस्त्यावरचे दिवे आपोआप लागले. तीन वाजून सहा मिनिटांनी समर्थ ओरडला, "आता!"

मनीषाताईंनी फिल्टर उपसून काढलं. आधी बटण दाबलं, मग मान वर केली.

ते कसं होतं, हे त्यांना सांगता येत नाही. दरवेळी त्या वेगळं सांगतात. आकाश गडद निळं, त्यात काळं वर्तुळ, आणि भोवती पांढरे केस मोकळे सोडावेत तसा उजेड. खालच्या कडेला एक गुलाबी ठिणगी. उजवीकडे शुक्र झळकत होता. चारी बाजूंना क्षितिजावर तांबूस पट्टा, जसं काही सगळ्या दिशांना एकदम सूर्य मावळलाय. कुत्री भुंकायची थांबली होती आणि माणसं ओरडत होती.

"मी ओरडले नाही," त्या म्हणतात. "मी शिव्या दिल्या. नाशिकच्या खास शिव्या. तिथे कोणाला कळणार होत्या!"

कागदावरच्या आकड्यांप्रमाणे त्यांचे हात चालत होते. समर्थ मोठ्याने सेकंद मोजत होता. दीड मिनिटाला त्यांची यादी निम्मी झाली होती, आणि तेव्हा त्यांनी बाजूला पाहिलं. स्नेहल चष्मा काढून उभी होती. त्या चार मिनिटांपुरता तो काढायचाच असतो. एक हात पोटाखाली, तोंड उघडं, मान पूर्ण वर. त्या अर्धवट उजेडात तिच्या ओठावरची रेघ स्पष्ट दिसत होती.

मनीषाताईंनी लांब लेन्स सोडली. गळ्यातला स्वतःचा कॅमेरा उचलला, गुडघ्यावर बसल्या आणि लेकीचा फोटो घेतला. मग आणखी एक. मग तिसरा. सूर्याचे उरलेले आकडे कागदावरच राहिले.

"आई, तू तिकडे बघ ना, सूर्याकडे!" स्नेहल म्हणाली.

"त्याचे काढणारे लाखो आहेत आज," त्या म्हणाल्या. "हलू नकोस."

काळ्या वर्तुळाच्या कडेला हिऱ्यासारखा लखलखीत थेंब फुटला. समर्थने "चष्मे!" म्हणून हाक दिली आणि दिवस परत आला.

संध्याकाळी त्यांनी फोटो निवडला. तिथे उजेड होता तेव्हाच नाशिक रोडला दुसरा दिवस उजाडायला आला होता, आणि तो दिवस गुढीपाडव्याचा. 'ताजनपुरे परिवार' या ग्रुपवर गुढ्यांचे, गाठ्यांचे, श्रीखंडाचे फोटो यायला लागणार होते. सगळ्यांच्या आधी मनीषाताईंचा फोटो पडला. खाली ओळ: 'स्नेहल, सातवा महिना, खग्रास ग्रहण पाहताना. फोटो: मनीषा.'

तासभर शुकशुकाट. मग धाकटे दीर अमित यांनी लिहिलं: 'वहिनी, पोटुश्या पोरीला ग्रहणात उभं केलं? आई रडतेय इकडे.' पाठोपाठ जाऊबाईंचे जोडलेल्या हातांचे तीन इमोजी. कोणीतरी लिहिलं, 'देव करो आणि बाळ सुखरूप असो.'

तेव्हा स्नेहलने फोन घेतला आणि स्वतः टाइप केलं: 'बाळाचा ओठ माझ्यासारखाच आहे. जानेवारीत स्कॅनमध्ये दिसलंय. कागद सोबत जोडला आहे, त्यावर तारीख आहे. ग्रहण आज झालं. पुढे कोणी दोन्हीची गाठ मारू नये म्हणून आजच कळवते. सगळ्यांना पाडव्याच्या शुभेच्छा.'

आणि मग जो माणूस त्या ग्रुपवर कधी 'शुभ सकाळ'च्या पुढे गेला नव्हता, त्याचा मेसेज आला. यादवरावांचा.

'९५ साली खोलीची कडी मी बाहेरून लावली होती. मी दहा वाजेपर्यंत दाराशीच बसून होतो. खिडकीचे कागद संध्याकाळी मीच काढले, एकाला पण भोक नव्हतं. मनीषाने काही पाहिलेलं नाही. मला तेव्हापासून माहीत आहे.'

मनीषाताईंनी तो वाचला. स्नेहलच्या डोळ्यांना पाणी आलं, समर्थही हळवा झाला. मनीषाताईंनी मात्र फोन टेबलावर उपडा ठेवला आणि झारा घासायला घेतला.

"बाबांनी लिहिलं गं शेवटी," स्नेहल म्हणाली.

"लिहिलं. चार ओळी. अठ्ठावीस वर्षं लागली."

अकरा दिवस त्या नवऱ्याशी बोलल्या नाहीत. बाराव्या दिवशी त्यांनीच फोन लावला. तो सगळा संवाद मला यादवरावांनी सांगितला, एकदा सोसायटीच्या बाकावर बसून, न विचारता. मनीषाताई म्हणाल्या, "का गप्प राहिलात?" ते म्हणाले, "आईपुढे बोलवत नव्हतं." त्यावर त्या म्हणाल्या, "आणि रोज माझ्यासमोर बसून जेववत होतं?" यादवराव मला म्हणाले, "वहिनी, मी फोन कानाला धरून बसलो. तिनेही ठेवला नाही. पंधरा-वीस मिनिटं असेच होतो."

जूनच्या पहिल्या आठवड्यात मुलगी झाली. वजन सव्वासहा पौंड, आवाज असा की दवाखाना डोक्यावर घेतला. नाव अन्वी. मनीषाताईंनी पहिल्या तासात फोटो काढला, फाटलेल्या ओठाचा, बंद मुठींचा, आणि तोही ग्रुपवर टाकला. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिचं ऑपरेशन नीट पार पडलं. त्यानंतर दहा दिवसांनी मनीषाताई परत आल्या.

गोजराबाई पलंगावर बसून होत्या. डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं. मनीषाताईंनी पायांवर डोकं ठेवलं, मग मोठी करून आणलेली सूर्याची प्रिंट त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती नाकाशी धरली.

"ह्ये पाह्यलंस?"

"हो आत्या. या वेळी पाहिलं."

"पाह्यला नको व्हतं."

"तुम्ही पाळा. मी तुमच्या आड येणार नाही. तुम्हाला सोवळं, पाणी, जे लागेल ते मीच देईन. पण माझ्या लेकीवर आणि नातीवर या घरात कोणी बोट ठेवलं, तर त्या दिवशी मी इथून उठेन, आणि परत यायची नाही."

गोजराबाईंनी यादवरावांकडे पाहिलं. यादवराव म्हणाले, "आई, ती म्हणते तसंच होईल."

म्हातारीने प्रिंट उशीशी ठेवली. पटलं असं नाही. त्या अजूनही म्हणतात, पाहायला नको होतं. पण 'पाह्यलंस ना' हे शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा निघाले नाहीत, आणि शेजारची एक बाई अन्वीच्या ओठावरून काही बोलायला लागली तेव्हा त्यांनी पुढ्यातला चहाचा कप जोरात बशीत आपटला. बाई गप्प झाली.

दुकान पुन्हा सुरू झालं. या वर्षी मार्चमध्ये मी तिथे आधारकार्डाची झेरॉक्स काढायला गेले होते, तेव्हाची गोष्ट. पेठ तालुक्यातली एक बाई आली. नाव साळूबाई, वय वीस-बावीस, कडेवर दोन महिन्यांचं बाळ, पदराने पुरतं झाकलेलं. पहाटेच्या एसटीने आली होती. बाळाच्या ऑपरेशनच्या फॉर्मला फोटो हवा होता.

"पदर काढा, उजेड येऊ द्या," मनीषाताई म्हणाल्या.

साळूबाईने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. पदर काढला. ओठ दोन्ही बाजूंनी फाटलेला. आणि कोणी काही विचारायच्या आतच ती बोलायला लागली, एका दमात, पाठ केल्यासारखं. "बाई, मी काय बी कापलं नाय. भादव्यात चंद्राचं गिरान व्हतं, तवा मी इळा हातात घेतला नाय. सासू म्हंती तू भाजी चिरली. देवाशप्पथ नाय चिरली. मी निजलेली व्हती."

मनीषाताई कॅमेऱ्याच्या मागून पुढे आल्या. तिच्यासमोर स्टूल ओढून बसल्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

"शपथ घेऊ नकोस," त्या म्हणाल्या. "चिरली असतीस ना, टोपलीभर चिरली असतीस, तरी याचा ओठ असाच आला असता. तुझ्या हाताने काही झालेलं नाही. कळलं?"

साळूबाई बघत राहिली. असं उत्तर तिने ऐकलेलं नव्हतं. 'बरं, नसशील चिरली' एवढंच म्हणणारी एखादी मिळावी, इतकीच तिची आशा असावी.

"मंग सासूला काय सांगू?"

"तिला फोनवर बोलाव. मी सांगते. नाही ऐकलं तर मी पेठला येते. मला रविवारी सुट्टी असते."

साळूबाईला हसू आलं, तोंडाला पदर लावून. मनीषाताईंनी बाळाला निळ्या पडद्यासमोर घेतलं, मान सरळ धरली, आणि दिवा थोडा पुढे सरकवायला मला सांगितलं.